गडग्यापलीकडचा जामीन

“आणि जामीनदार कोण राहणार?” वकीलबाईंनी फाईलमधून मान वर न काढताच विचारलं, तेव्हा किशोरीला वाटलं, बाई चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल उघडून बसल्यात. जामीन म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. वाडीतल्या महादूचा मेव्हणा दारू पिऊन पोलिसाच्या अंगावर गेला होता, तेव्हा त्याला जामीन लागला होता. आपला नवरा सुशांत बोटीवर इंजिनात काम करता करता छातीत कळ येऊन गेला, परमुलखातल्या बंदराबाहेर, कुठल्या तरी समुद्रात. त्यात जामीन कोणाला हवा? “कोणी चोरी केली, मॅडम?” तिने विचारलं. संचिता वकील वयाने लहानच होत्या, कणकवलीहून यायच्या, बोलायला बऱ्या होत्या. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि समजावून सांगितलं, म्हणजे आगीत तेलच ओतलं. सुशांतची बँकेतली ठेव आणि बोटीच्या कंपनीची भरपाई, दोन्ही हातात यायला कोर्टाचा हुकूम हवा. कोर्ट किशोरीला सुशांतच्या मालमत्तेची प्रशासक नेमेल. पण त्यात मुलीचा, अक्षयाचाही वाटा आहे, आणि अक्षया अजून शाळेत जाते, अज्ञान आहे. तेव्हा तिच्या वाट्याचं काही बरंवाईट झालं तर भरून देईन, असं लिहून देणारा, स्वतःची जमीनजागा असलेला माणूस कोर्टाला लागतो. “म्हणजे मी माझ्या पोरीचं खाल्लं तर?” किशोरी म्हणाली. “कायद्याची भाषा असते हो, मनावर नका घेऊ,” वकीलबाई म्हणाल्या. किशोरीने मनावर घेतलं नाही. ते सरळ पोटात गेलं आणि तिथेच बसलं.

एसटीत खिडकीशी बसून ती मिठबावला परत निघाली तेव्हाही ते तसंच बसलेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंब्याच्या कलमांवर फवारणी चालू होती, त्या औषधाचा उग्र वास गाडीत भरला होता, आणि तोंडात तीच कडू चव येत होती. मी खाईन? माझ्या अक्षयाचं? जी मी मजुरीवर सुंगटं, कोळंबी सोलून सोलून हाताची सालं काढून घेतली, पण तिच्या बापाच्या पगारातून आलेल्या पैशाला घरखर्चाशिवाय हात लावला नाही, ती मी खाईन, आणि मी खाणार नाही हे कोणी तरी जमीन गहाण टाकल्यासारखं लिहून द्यायचं! कोर्टाचा राग येत होता, वकीलबाईंचा येत होता, पुढच्या बाकावर मोबाईलवर मोठ्याने गजाली मारणाऱ्या माणसाचा येत होता. पण या सगळ्या रागांच्या तळाशी एकच राग होता, आणि तो सुशांतवर होता. मेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांचे नवरे कागद नीट करून मरतात त्यांनी म्हणावं. बँकेत साहेबाने कंप्युटरमध्ये बघून सांगितलं होतं, “नॉमिनी म्हणून नाव आहे, पण ते त्यांच्या आईचं आहे.” आई! सासूबाई जाऊन इतका काळ लोटला. लग्नाच्या आधी कधीतरी भरलेला फॉर्म. मग लग्न झालं, पोर झाली, आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, घराला स्लॅब पडला, आणि ह्या बाप्याने दर सुट्टीत बँकेत जाऊन एटीएममधून पैसे काढले, पण खिडकीवर जाऊन बायकोचं नाव घाला एवढं सांगितलं नाही. विसरला? की त्याला कधी वाटलंच नाही? व्हिडिओ कॉलवर तो नेहमी विचारायचा, “जेवलंस?” इंजिनाची घरघर मागे चालू असायची, त्यामुळे ती काही सांगायला लागली की तो “काय? काय?” करत राहायचा. शेवटी ती कंटाळून “जेवलंय” एवढंच म्हणायची. किती गोष्टी त्या घरघरीत गेल्या. त्याची शवपेटी गोव्याहून आली तेव्हा ती रडली नव्हती. वाडीतल्या बायका कोपऱ्यात कुजबुजल्या होत्या, “डोळ्यात टिपूस नाय गो तिच्या.” रडणार कुठून? रडायला मन मोकळं लागतं, आणि तिचं मन तेव्हापासून मुठीसारखं आवळलेलं होतं.

जामीनदार कोण, हा तसा प्रश्नच नव्हता. सख्खा मोठा दीर उंबऱ्याला उंबरा लावून राहत होता. सत्यवान भावजी म्हणजे वाडीचा शब्द. देवळातल्या पालखीला ते असल्याशिवाय हात लागत नाही, भांडणं त्यांच्या पडवीवर मिटतात, मुंबईकर चाकरमानी गणपतीत आले की आधी त्यांच्या पाया पडतात. संध्याकाळी ती त्यांच्या पडवीवर गेली. ते पान जमवत होते, जाऊ सुभद्रावयनी तांदूळ निवडत होत्या. किशोरीने सगळं सांगितलं. भावजींनी चुना लावता लावता ऐकलं आणि म्हणाले, “भिया नको गो. मी आसंय मां. पण जमनीची गोष्ट. देवीक इचारल्याशिवाय आमच्या घरात काय जाला नाय. कौल लावूया. उजवो दिल्यान, की मी मोकळो.” किशोरीला बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं. एसटीतला कडूपणा निवला. तिने वयनींच्या पुढचं सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. इतकं बरं वाटलं, की भावजी आपल्याकडे न बघता पानाच्या देठाकडे बघत बोलताहेत हे तिला दिसलं, पण लागलं नाही.

मंगळवारी सगळे पावणाईच्या देवळात गेले. पुजाऱ्याने देवीच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एवढी साधी गोष्ट. भावजींनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “बाय माज्ये, तुज्या लेकरान जामीन रवाचा की नाय, ता तूच सांग,” आणि मागे उभ्या असलेल्या चारचौघांनी सवयीने “व्हय म्हाराजा” म्हटलं. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. किशोरी उजव्या पाकळीकडे टक लावून बघत होती. तिला आठवलं, अक्षया पोटात होती तेव्हा सासूबाईंनी असाच कौल लावला होता, आणि तेव्हा उजवी पडली होती, आणि सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता, एकदाच. पाकळी सुकत सुकत कडेने सुटत होती. शेवटी एक सुटली, पण डावीकडची. टप असा आवाजसुद्धा झाला नाही. भावजींनी मान हलवली, देवीसमोर डोकं टेकलं आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन म्हणाले, “देवीन डावो दिल्यान. आता मी काय करू, सांग?” काय सांगायचं? माणसाने नाही म्हटलं तर त्याच्याशी भांडता येतं. भावजींनी नाही म्हटलंच नव्हतं. नाही देवी म्हणाली होती. देवीशी कोण भांडेल? घरी येताना किशोरीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती आणि सुभद्रावयनी शेजारून चालता चालता म्हणत होत्या, “मनाक लावून घेव नको गो.” सगळे म्हणतात मनाला लावून घेऊ नको. मग लावून घ्यायचं तरी कशाला?

मग ती दारोदार फिरली. भीक मागत नव्हती, सही मागत होती, पण फिरताना दोन्हीत फरक वाटत नव्हता. आणि त्या फिरण्यात तिला जे कळलं ते ऐकून तिला आधी हसूच आलं. अख्ख्या वाडीत कोणाच्या एकट्याच्या नावावर जमीनच नव्हती! ज्या जमिनींवरून इतके ताठ चालायचे, त्या सगळ्या सामायिक. आज्याच्या नावावर, पणज्याच्या नावावर, मुंबईत कुठे चाळीत मेलेल्या चुलत्यांच्या नावावर, लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्या नावावर. वाटण्या कोणी केल्याच नव्हत्या. हे कलम तुझं, ती भाताची कुणगी त्याची, असं तोंडी चाललेलं. कोर्टाला तोंडी चालत नाही. महादूने निदान खरं सांगितलं. त्याने मासळीची टोपली खाली ठेवली आणि डोकं खाजवत म्हणाला, “वयनी, माजा नाव सातबाऱ्यार आसा. पण माज्या वांगडा अर्धी वाडी आसा. माज्या वाट्याक काय येता, ता देवाकच म्हायती.” बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही. कोणी मुलाला विचारतो म्हणाले, कोणी चहा पाजला, एकाने तर “बायमाणसान कोर्टाच्या भानगडीत कित्याक पडाचा?” असं विचारून वर सुशांत किती चांगला होता ते तिलाच सांगितलं. चांगला होता ना? मग त्याच्या बायकोला जामीन राहा की मेल्यांनो! पण हे ती मनातल्या मनात ओरडली. तोंडाने “बरा, येतंय” म्हणाली आणि चपला घातल्या.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ती घरामागच्या परड्यात धुणं वाळत घालत होती. “किशोरीताई, पुढच्या तारखेला जामीनदार हवाच. नाहीतर एक मार्ग आहे. तुमचे दीर काल येऊन गेले. ते म्हणतात, किशोरीला व्यवहार जमत नाही, मला प्रशासक नेमा, जामीनदाराची सोय मी करतो. तुमची संमती लागेल फक्त. निदान काम अडणार नाही.” किशोरीच्या हातात सुशांतचा शर्ट होता. तो गेल्यापासून कोणी घातलेला नव्हता, पण ती तो दर आठवड्याला धुवत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने तो पिळला, पुन्हा पिळला, पाणी संपलं तरी पिळत राहिली. म्हणजे देवीने भावजींना जामीन राहायला नको सांगितलं, पण कारभारी व्हायला नको सांगितलं नाही! आता अक्षयाच्या शाळेची फी हवी तर भावजींच्या पडवीवर जायचं. वही हवी, जा पडवीवर. पोर आजारी पडली, जा पडवीवर, आणि ते पान जमवत ऐकतील, चुना लावतील, आणि म्हणतील देवीक इचारूया. सुशांतच्या घामाचं सुशांतच्या पोरीला मिळायचं आणि ते ह्यांच्या हातून, चिमटीचिमटीने, उपकार केल्यासारखं! “नाही,” ती फोनमध्ये म्हणाली. “मॅडम, माझी संमती नाही. मी आणते जामीन.” कुठून, हे तिला माहीत नव्हतं. फोन ठेवून तिने शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला.

तलाठ्याने सातबारे चाळून सांगितलं, “तुमच्या वाडीत स्वतंत्र सातबारा एकच आहे. तुळसा. तुमच्या शेजारची.” किशोरी बाहेर आली. हे तिला आधीच माहीत होतं, हे तिला आता कळलं. माहीत असून ती सगळ्या घरांना वळसे घालून आली होती, फक्त त्या एका घराचं नाव डोक्यात येऊ दिलं नव्हतं. तुळसाकाकी म्हणजे सासऱ्यांच्या चुलतभावाची विधवा, मूल ना बाळ. नवरा गेल्यावर तिने भावकीकडे आपला वाटा वेगळा करून मागितला होता. सामायिकात राहा, आम्ही खायला घालतो, असं सगळे म्हणाले. ती म्हणाली, माका कोणी खावक घालूचो नाय, माजा माका द्या. आणि सरळ कोर्टात गेली. बाईमाणूस, भावकीच्या विरुद्ध कोर्टात! किशोरी तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. घरात दुसरा विषय नव्हता. सुशांत सुट्टीवर आला की तारखांना जायचा, भावजी वकील करायचे, सासूबाई तुळशीपुढे दिवा लावताना शेजारच्या घराकडे तोंड करून शाप द्यायच्या. काकी जिंकली. मोजणीदार आले, साखळी पडली, आणि दोन घरांच्या मध्ये, जिथून पूर्वी बायका एकमेकींकडे विरजण मागायला जात, तिथे चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत, गडगा उभा राहिला. तेव्हापासून वाडीने तिला वाळीत टाकल्यात जमा. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, गणपतीत आरतीला नाही. नाव पडलं कोर्टवाली. आणि किशोरी? किशोरीने त्या भांडणात काही मिळवलं नव्हतं, काही गमावलंही नव्हतं, पण ते तिने अंगावर असं घेतलं, की जणू लग्नात सासरकडून मिळालेला दागिनाच. काकीचा एक माड गडग्याला लागून, पण वाकडा, सगळा किशोरीच्या परड्यावर झुकलेला. त्याचे नारळ इकडे पडायचे. पहिला पडला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “घी तो, आमच्याच जमनीतलो आसा.” किशोरीने घेतला नाही. तिने तो उचलला आणि जीव खाऊन गडग्यावरून पलीकडे भिरकावला. तुझं तुला लखलाभ! तुझा नारळ माझ्या वालीच्या वेलात पडणार नाही, तुझं खोबरं माझ्या मुलीच्या तोंडात जाणार नाही! तेव्हापासून जो जो पडला तो तो तिने फेकला. पलीकडून कधी शब्द आला नाही. तिच्याकडूनही गेला नाही. पण नारळ फेकताना दर वेळी मनाला एक कसलंसं बरं वाटायचं, आणि सुशांत बोटीवर असला की जरा जास्तच.

सरळ रस्त्याने काकीच्या दारात जाणं तिला जमेना. पूर्ण वाडीने बघितलं असतं. ती परड्यातून गडग्याशी गेली. पलीकडे तुळसाकाकी अंगणात, खळ्यात बसून झाडूसाठी हीर काढत होती, कोयत्याने माडाच्या झावळीची पात सोलत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. इतकी वर्षं शेजारी राहून किशोरीने तिचा चेहरा असा सरळ कधी बघितलाच नव्हता. नेहमी डोळ्याच्या कडेने. काकीने मान वर केली. “काय गो? आज नारळ तर पडललो दिसना नाय.” किशोरी उभीच. “बोल. तोंडात दगड धरून उभी रवा नको,” काकी म्हणाली. “माका कोर्टात जामीन व्हयो,” किशोरी म्हणाली. आवाज विनवणीचा यायला हवा होता, पण तो भांडल्यासारखा आला. “तुमचो.” काकीने कोयता थांबवला नाही. “म्हायती आसा. सत्यवानान सांगल्यान.”

“भावजींनी? तुमका?”

“हंय इललो. ह्याच पायरेर बसललो. इतक्या वर्सांनी काकी म्हणालो माका. मी म्हटला, सूर्य खंयसून उगावलो आज. म्हणता कसो, किशोरीक येव्हार कळना नाय, कारभार माज्या हातात येवक व्हयो, काकी, तू माका जामीन रव, तुजो एकटेचो सातबारो आसा.” काकी थुंकली, बाजूला, व्यवस्थित. “मी तेका ताक दिलंय आणि वाट दाखवलंय.”

“कदी?” किशोरीने विचारलं.

“सोमवारी सांजेक. तुमी कौल लावलास ना, तेच्या आदल्या दिसा.”

किशोरीने गडग्यावरचा चिरा धरला. तो उन्हाने तापलेला होता, हाताला चटका बसत होता, तरी तिने तो सोडला नाही. आदल्या दिवशी! म्हणजे देवळात हात जोडून, डोळे मिटून, “बाय माज्ये” म्हणत उभा राहिलेला हा माणूस आदल्या संध्याकाळीच सगळं ठरवून बसला होता. पाकळी उजवी पडली असती तर काय केलं असतं? दुसरा कौल लावला असता. उजवी पडेपर्यंत नव्हे, डावी पडेपर्यंत. आणि मी गाभाऱ्यात टक लावून उभी, देवीवर रागावलेली! त्या बिचाऱ्या दगडाचा काय दोष? मेल्या, एवढ्या उंचीचा माणूस तू, अख्ख्या वाडीला धर्म शिकवणारा, आणि पोरक्या पोरीच्या तोंडच्या घासासाठी, जिला वाळीत टाकली तिच्या पायरीवर जाऊन ताक प्यालास! तिच्या डोक्यात हे सगळं एकदम घोंघावलं आणि तोंडातून मात्र भलतंच निघालं. “मगे तुमी माका जामीन कित्याक रवतालात? मी पण त्याच घरची.”

“तुजा घर माका आवडना नाय,” काकी म्हणाली. “तू पण आवडत नाय. लग्न होवन इलंस तेव्हापासून नाक वर.” तिने हीर गोळा करून बाजूला ठेवले आणि पहिल्यांदा कोयता खाली ठेवला. “पण तू माजो नारळ कदी खाल्लंस नाय. ह्या वाडीत माजा काय काय खाल्ल्यानी, ता माका म्हायती. फणस नेले, माडयेची सुपारी नेली, आडयेतला गवत नेला, आणि माकाच वाळीत टाकल्यानी. तुज्या परड्यात माजो नारळ पडलो की माज्या खळ्यात परत येय. एकदा तर पाठीत बसलो.”

“मुद्दाम मारललंय,” किशोरी म्हणाली.

“म्हायती आसा. चार दिस शेकीत होतंय.”

“मी रागान फेकीत होतंय. इमानान नाय.”

“राग काय नि इमान काय, नारळ माज्या खळ्यात येय होतो मां?” काकी उठली, गुडघ्यांवर हात टेकत. “कोर्टाक जावचा कदी, ता सांग. माज्याकडे लुगडा एकच बरा आसा, ता धुवक व्हया.” आणि ती आत गेली. आभार मानायला समोर कोणी उरलं नाही. तिला वाटलं होतं, असं काही झालं तर आपण रडू. पण राग तसाच होता, फक्त तो आता जागच्या जागी बसला होता. कोणावर रागवायचं ते इतक्या दिवसांनी नीट कळलं होतं.

कोर्टात काकी धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, बाकावर ताठ बसली होती. त्या बाकावर ती पूर्वी कितीतरी तारखांना याच घराच्या विरुद्ध बसली होती. किशोरी शेजारी बसली, मध्ये एक पिशवी ठेवून. कारकुनाने कागद भरता भरता विचारलं, “अर्जदाराशी नातं काय?” काकी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, “भाऊबंद. गडग्यापलीकडची.” कारकुनाने शेजारीण असं लिहिलं. न्यायाधीशबाईंनी समजावून सांगितलं की अर्जदाराने मुलीच्या हिश्श्याचा गैरवापर केला तर तुमच्या जमिनीतून वसुली होईल, मुलगी सज्ञान होईपर्यंत ही जबाबदारी तुमच्यावर राहील, हे कळतंय ना? आणि तुम्ही हे कोणाच्या दडपणाखाली करत नाही ना? “साहेब,” काकी म्हणाली, “ही जमीन मी ह्यांच्याच घराशी भांडून इथूनच घेतली आहे. ती अशीच कोणाला खाऊ देणार नाही. माझं लक्ष राहील हिच्यावर.” संचिता वकिलांनी खाली बघून हसू दाबलं. काकीने सही केली, एकेक अक्षर थांबून, तुळसा असं. शाईचा डाग बोटाला लागला तो तिने लुगड्याला पुसला नाही, नुकतं धुतलेलं म्हणून केसांना पुसला. आणि किशोरीला एकदम सुशांतचा तो जुना फॉर्म आठवला, आईचं नाव लिहिलेला. त्यानेही असंच, विश्वास ठेवून, त्याला तेव्हा जी सगळ्यात जवळची वाटत होती तिचं नाव लिहिलं असेल. पुढे बदलायला विसरला, गाढव. राग गेला नाही. पण त्या रागात थोडी जागा झाली.

भावजी पडवीवरच होते. वाडीत बातमी एसटीच्या आधी पोचते. “तुळसाचो जामीन घेतलंस?” ते उभे राहून म्हणाले. आवाज चढलेला. “आमच्या घराचो येव्हार त्या कोर्टवालेच्या हातात दिलंस? लोकांनी आमच्या तोंडात शेण घालूचा काय? लाज नाय वाटली तुका?”

किशोरी पायरीखाली थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “तुमी तिच्या पायरेर ताक प्यालात ना, भावजी,” ती म्हणाली, “कौलाच्या आदल्या सांजेक? कसा होता?”

सुभद्रावयनी दारातून बाहेर आल्या. “कसला ताक?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “अवो, कसला ताक? मी तुमका इचारतंय!” किशोरी तिथे थांबली नाही. तिला जे म्हणायचं होतं ते सगळं त्या एका ताकात म्हणून झालं होतं. मागे वयनींचा आवाज चढत गेला.

परड्यात ऊन कललं होतं. दोरीवर सुशांतचा शर्ट होता, तो तिने काढला, घडी केली, खांद्यावर टाकला. आणि तेवढ्यात मागे धप्प झालं. वाकड्या माडाचा नारळ, वालीच्या मांडवाशी. ती वाकली, उचलला, हात सवयीने मागे गेला, आणि थांबला. आता हे कसं फेकायचं? जी बाई आपल्यासाठी जमीन अडकवून बसली तिच्या खळ्यात? गडग्यावर हळूच ठेवावा का? जाऊन हातात द्यावा का? तिला काहीच सुचेना, नारळ हातात घेऊन ती मूर्खासारखी उभी राहिली. तेवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला. “पडलो तो आवाज ऐकलंय मी! खंय आसा माजो नारळ?”

किशोरीने फेकला. जीव खाऊन, दात आवळून, डावीकडून पडलेल्या पाकळीसाठी, बँकेतल्या त्या फॉर्मसाठी, “काय? काय?” करत घरघरीत हरवलेल्या सगळ्या शब्दांसाठी, वाडीतल्या प्रत्येक चहाच्या कपासाठी. नारळ गडग्यावरून उंच गेला आणि पलीकडे खळ्यात आदळला.

“हळू गो मेल्ये!” काकी ओरडली. “तुजो जामीनदार मरात मां!”

किशोरीने दोन्ही हात चिऱ्यावर टेकले आणि सुशांत गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली, गळा काढून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. पलीकडून कोणी उगी राहा म्हणालं नाही. काकी नारळ सोलायला बसली होती.